पानटपरीत तंबाखू-सिगारेट विकायला वेगळा परवाना लागतो का? (नगरपरिषद हद्द)

गाळा_नंबर_४

भाच्यासाठी तालुक्याच्या गावी, नगरपरिषद हद्दीत, 8 बाय 10 फुटांचा गाळा बघितलाय. पुढच्या अंगाला पान, सिगारेट, तंबाखू आणि आत बिस्किटं, वेफर्स, थंड पेयं, थोडा किराणा असा बेत आहे. शॉप ॲक्टचं ऑनलाइन करून पावती हातात आली आहे. भाडेकरार अजून झालेला नाही, म्हणून आत्ताच विचारतो.

1) एक एजंट म्हणतो, ‘तंबाखू लायसन्स’ वेगळं असतं, मी काढून देतो. असं काही असतं का?

2) मागच्या गल्लीत जिल्हा परिषदेची शाळा आहे. शाळेच्या फाटकापासून रस्त्याने चालत गेलं तर गाळा 140 मीटरवर येतो. चालेल ना?

3) सिगारेटच्या डिस्ट्रिब्यूटरचा माणूस लाइटचा बोर्ड आणि काचेचा काउंटर फुकट द्यायला तयार आहे. घ्यावा का?

4) कॉलेजची मुलं व्हेप (ई-सिगारेट) मागतात. त्याचा परवाना कुठून मिळतो?

---

परवाना_खिडकी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीच्यांचे जाणकार इथे आहेत.

‘तंबाखू लायसन्स’ नावाचा, किरकोळ दुकानदाराने काढायचा केंद्राचा कागद नाही. 2003 चा कोटपा, म्हणजे सिगारेट व इतर तंबाखूजन्य पदार्थांचा कायदा, विक्रेत्याला परवाना देत नाही. कुठे, कुणाला, कसं विकायचं नाही एवढंच तो सांगतो. त्यामुळे एजंट नेमकं काय काढून देणार हे त्याच्याकडून लिहून घ्या. बहुतेक वेळा तो शॉप ॲक्टचीच पावती रंगीत छापून देतो.

आता प्रत्यक्ष लागणारे कागद.

शॉप ॲक्ट: 2017 च्या नव्या कायद्यात कामगार मोजकेच असतील तर नोंदणी प्रमाणपत्र नसतं, नुसती सूचना द्यायची असते. फॉर्म एफ भरला की फॉर्म जी ची पावती येते. तुमच्याकडे आहे ती हीच. धंदा सुरू केल्याची माहिती कामगार खात्याला दिली, इतकाच तिचा अर्थ. ‘सरकारने विक्रीला परवानगी दिली’ असा अर्थ पुष्कळ जण काढतात आणि पंचनाम्याच्या वेळी तीच पावती पुढे करतात. तिथे तिचा काही उपयोग नाही. याच कायद्याप्रमाणे दुकानाची पाटी मराठी देवनागरीत हवी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. ही अट एकट्याने चालवलेल्या टपरीलाही आहे.

स्थानिक व्यवसाय परवाना: इथे गावागणिक फरक पडतो. मुंबईत 1888 च्या महापालिका अधिनियमाचं कलम 394, बाकीच्या महापालिकांत 1949 च्या अधिनियमाचं कलम 376, आणि तुमच्यासारख्या नगरपरिषदेत 1965 चा अधिनियम व त्याखालचे उपविधी (नगरपरिषदेने केलेले स्थानिक नियम). ज्या धंद्यांना परवाना लागतो त्यांची यादी प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि शुल्कही वेगळं. म्हणून नगरपरिषदेच्या परवाना विभागात तोंडी विचारू नका. अर्ज द्या: ‘अमुक मालमत्ता क्रमांकाच्या गाळ्यात पान, सिगारेट, तंबाखू व बंद पाकिटातील खाद्यपदार्थ यांची किरकोळ विक्री करायची आहे. कोणत्या उपविधीखाली कोणता परवाना लागतो, त्याचे शुल्क व अटी काय, ते कळवावे.’ आवक-जावक शिक्का मारलेली प्रत जपून ठेवा. ती सेवा लोकसेवा हक्क अधिनियम 2015 खाली अधिसूचित असेल तर उत्तराला मुदतही लागू होते.

अन्न नोंदणी: पान, सुपारी, बिस्किटं, थंड पेयं हे अन्नपदार्थ आहेत. लहान दुकानाला एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी पुरते, मोठा परवाना लागत नाही. अर्ज ‘फॉसकॉस’ पोर्टलवर भरायचा. ही नोंदणी फक्त अन्नासाठी. सिगारेट तिच्यात बसत नाही.

बिस्किटांचा एक मुद्दा राहिला. 21 सप्टेंबर 2017 ला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं. तंबाखू विकणाऱ्या दुकानांना स्थानिक संस्थेमार्फत परवानगी देण्याची पद्धत बसवा, आणि अशा दुकानात टॉफी, चिप्स, बिस्किटं, थंड पेयं असा मुलांना ओढणारा माल ठेवू देऊ नका, असा त्याचा आशय. पत्र म्हणजे सल्ला. स्थानिक संस्थेने ठराव किंवा परवान्याची अट म्हणून तो उचलला असेल तरच दुकानदारावर बंधन येतं. हिमाचल प्रदेशाने याच्या आधी, 2016 मध्येच, किरकोळ तंबाखू विक्रीच्या नोंदणीचा वेगळा कायदा केला आहे. तुमच्या नगरपरिषदेचा असा ठराव आहे का, हेही त्याच अर्जात विचारून टाका. ठराव नसला तरी माझं मत विचाराल तर चॉकलेट आणि सिगारेट एका काउंटरवर नकोच. आठ फुटांच्या गाळ्यातही दोन टोकांना दोन फळ्या बसतात.

---

साखळी_आणि_फीत

करारावर सही करायची थांबवा. दुसऱ्या प्रश्नात तुम्ही चुकीचं मोजमाप धरलंय.

कोटपाचं कलम 6 (ब) सांगतं की शैक्षणिक संस्थेपासून 100 यार्डांच्या त्रिज्येत तंबाखूची विक्री नाही. 100 यार्ड म्हणजे 91.44 मीटर, बरोबर 300 फूट. नियमांत दोन गोष्टी स्पष्ट आहेत. अंतर संस्थेच्या आवारभिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून धरायचं आणि ते सरळ रेषेत, चहूबाजूंनी धरायचं. फाटक कुठे आहे, रस्ता किती वळसे घेतो, मध्ये घरं आहेत की नाला, याला काही महत्त्व नाही. रस्त्याने 140 मीटर असलेला गाळा मागच्या कुंपणापासून सहज 60 मीटरवर निघतो. अशी गफलत सर्रास होते, कारण लोक शाळेच्या फाटकापासून पावलं मोजत येतात.

मोजायचं असं. मोबाइलच्या नकाशावर उपग्रह चित्र लावा आणि शाळेची इमारत न धरता पूर्ण आवार शोधा. मैदान, संडासाची बाजू, बांधकाम चालू असलेला कोपरा, सगळं आवारातच येतं. त्या हद्दीवरचा तुमच्या बाजूचा सगळ्यात जवळचा बिंदू घ्या. ‘अंतर मोजा’ची सोय वापरून तिथून गाळ्याच्या सगळ्यात जवळच्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढा. शटरपर्यंत ओढू नका, कोपऱ्यापर्यंत ओढा. मग हेच दोन-तीन वेगवेगळ्या बिंदूंपासून करून बघा.

नकाशावरच्या चित्रात काही मीटरचा सरकाव असतो. आकडा 110 च्या वर आला तर निर्धास्त राहा. 85 ते 105 मध्ये आला तर भूमी अभिलेख कार्यालयातून शाळेच्या जागेचा मोजणी नकाशा किंवा नगर भूमापनाची नक्कल काढा आणि त्यावर स्केलने मोजा. गावातल्या शाळांची भिंत आणि कागदावरची हद्द एक नसते, त्यामुळे दोन्हींपैकी जवळची धरून चाला.

काही शाळांनी तंबाखूमुक्त शाळेच्या मोहिमेत रस्त्यावर पिवळी रेघ मारलेली असते. ती रेघ लोकांना कळावं म्हणून असते. रेघेच्या बाहेर आहोत म्हणून सुटलो असं होत नाही, कारण बऱ्याच ठिकाणी ती फाटकापासूनच मारलेली असते.

‘शैक्षणिक संस्था’ म्हणजे सक्षम प्राधिकरणाने स्थापन केलेली किंवा मान्यता दिलेली शाळा, महाविद्यालय, उच्च शिक्षणाची संस्था. खाजगी शिकवणीचे क्लासेस या व्याख्येत सरळ बसत नाहीत. पण कनिष्ठ महाविद्यालय, आयटीआय, डी.एड. कॉलेज, मान्यता असलेली इंग्रजी माध्यमाची शाळा हे सगळं येतं. म्हणून फक्त ती झेडपीची शाळा बघू नका, 100 मीटरचं वर्तुळ काढून त्यात काय काय येतं ते बघा. ‘शाळा नंतर आली, माझं दुकान आधीचं’ अशी सवलत कलमात नाही. शेजारचा मोकळा प्लॉट एखाद्या शिक्षण संस्थेच्या नावावर असेल तर पुढचं संकट आत्ताच दिसतंय असं समजा.

---

गाळा_नंबर_४

मोजलं. शाळेच्या मैदानाच्या मागच्या कुंपणापासून गाळ्याचा कोपरा 74 मीटर येतोय. पण त्याच ओळीत, शाळेच्या आणखी जवळ, दोन टपऱ्या वर्षानुवर्षं चालू आहेत. त्यांना कसं चालतं?

---

टपरी_ते_टपरी

दंड 200 रुपये आहे, म्हणून चालतं. कलम 24 प्रमाणे जास्तीत जास्त 200, जागेवर भरून प्रकरण मिटतं. महिन्यातून एकदा कारवाई झाली तरी भाड्यापेक्षा कमी.

---

परवाना_खिडकी

@टपरी_ते_टपरी, हा सल्ला नवीन माणसाला देऊ नका. 200 चा आकडा खरा आहे, पण तो एकटा येत नाही.

एक, 100 यार्डांच्या आतल्या दुकानाचं गिऱ्हाईक कोण असणार? शाळेतली मुलं. 18 वर्षांखालच्याला विकलं तर कोटपाचं कलम 6 (अ) लागतंच, शिवाय बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 77 लावता येतं. त्यात लहान मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्याला 7 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे. ‘पप्पांनी मागवलंय’ म्हणत आलेल्या मुलाच्या हातात पाकीट दिलं तरी ती मुलालाच विक्री. गिऱ्हाईक 18 वर्षांखालचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी नियमाने दुकानदारावर टाकली आहे, म्हणून शंका आली की वयाचा पुरावा मागायचा. तो दाखवत नसेल तर माल द्यायचा नाही.

दोन, स्थानिक परवान्यात ‘प्रचलित कायद्यांचे पालन’ ही अट असते. दोन-तीन कारवायांच्या पावत्या फायलीला लागल्या की नूतनीकरण अडतं.

तीन, शेजारच्या टपऱ्या चालतात म्हणजे त्या कायदेशीर आहेत असं नाही. अतिक्रमणाची मोहीम आली की सगळ्यात आधी त्याच उचलल्या जातात.

फेरीवाला प्रमाणपत्र असलेल्यांनाही हेच लागू. 2014 च्या पथविक्रेता कायद्याखालचं प्रमाणपत्र बसायची जागा देतं, तंबाखू विकायची सूट देत नाही.

@गाळा_नंबर_४, 74 मीटर म्हणजे या गाळ्यात तंबाखू नाही. गाळा हवाच असेल तर विड्याचं पान, सुपारी, थंड पेयं, किराणा यावर गणित बसतं का बघा, नाहीतर दुसरा गाळा शोधा.

---

साधा_चुना

पान-सुपारीवरून लिहितो. विदर्भात पानठेला म्हणतात तिथे आणि बाकी टपऱ्यांवरही तंबाखूपेक्षा जड गुन्हे याच मालावरून लागतात.

महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. ती कोटपाखाली नाही, अन्न सुरक्षा व मानके अधिनियम 2006 च्या कलम 30 (2) (अ) खाली आहे. अन्न सुरक्षा आयुक्तांचा तो आदेश एका वेळी एका वर्षापुरता असतो आणि दरवर्षी नव्याने निघतो. त्यात गुटखा, पानमसाला, सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा, खर्रा हे येतात. ‘पानमसाल्यात तंबाखू नाही, मग चालतो’ हा गैरसमज सगळीकडे आहे. पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी अशी जोडी करून विकली म्हणूनही सुटका होत नाही.

खर्रा घोटून देणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. सुपारीचे तुकडे, तंबाखू, चुना पन्नीत टाकून घासला की तयार होतो तो अन्नपदार्थ, आणि अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालायला 2011 च्या अन्न सुरक्षा विनियमांत (2.3.4) थेट मनाई आहे. म्हणजे वर्षाचा आदेश उद्या निघाला नाही तरी खर्रा मोकळा होत नाही. पानात ‘एकशेवीस-तीनशे’ जर्दा टाकून देण्यालाही हाच तर्क लागतो. अशा प्रकरणांत पोलीस भारतीय न्याय संहितेचं कलम 123 (पूर्वीचं भादंवि 328) लावतात, आणि त्यात 10 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ते कलम तिथे बसतं की नाही यावर वकील वाद घालतात, पण तो वाद अटकेनंतरचा.

सुगंध न लावलेली साधी तंबाखू या आदेशात येत नाही. ती कंपनीच्या बंद पुडीत, पुडीच्या दर्शनी भागांवर 85 टक्के चित्रमय इशारा असेल तरच विकायची. किलोने आणून कागदात बांधलेल्या पुड्या विकल्या की इशारा नसलेलं पाकीट विकल्याचं कलम 7 लागतं.

सुट्या सिगारेटचंही तेच. 24 सप्टेंबर 2020 ला सार्वजनिक आरोग्य विभागाने महाराष्ट्रात सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. इशारा पाकिटावर असतो, एकच कांडी घेणाऱ्याला तो दिसत नाही, हे त्यामागचं कारण. म्हणून पाकीट फोडून बरणीत उभ्या ठेवलेल्या सिगारेटी हा आयता पुरावा असतो. कलम 20 प्रमाणे विक्रेत्याला पहिल्या वेळी 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलं तर 2 वर्षांपर्यंत आणि 3,000. टपरीचा निम्मा धंदा सुट्यावर असतो हे सगळ्यांना माहीत आहे. भाच्याने गणित मांडताना फक्त पाकिटांची विक्री धरावी, नाहीतर आकडे फसतील.

स्वस्तात मिळणारी परदेशी पाकिटं ओळखायची खूण सोपी आहे. पुढे-मागे 85 टक्के इशारा (60 टक्के चित्र, 25 टक्के मजकूर), त्यात तंबाखू सोडण्यासाठीचा 1800-11-2356 हा क्रमांक, आणि छापील किंमत. यातलं एकही नसेल तर माल हातात घेऊ नका. बिल मागितल्यावर विकणारा टाळाटाळ करतोच.

---

फलक_६०_बाय_४५

तिसरा प्रश्न, लाइटचा बोर्ड. घेऊ नका.

कलम 5 ने तंबाखूची जाहिरात बंद केली आहे. दुकानाच्या दारात एक सवलत आहे, पण तिला मापं आहेत. बोर्ड जास्तीत जास्त 60 बाय 45 सेंटिमीटर. त्याच्या वरच्या कडेला 20 बाय 15 सेंटिमीटरचा इशारा, पांढऱ्या पट्टीवर काळ्या अक्षरांत, भारतीय भाषेत: ‘तंबाखूमुळे कर्करोग होतो’ किंवा ‘तंबाखू जीवघेणी आहे’ या अर्थाचा. खाली फक्त प्रकार लिहायचे: सिगारेट, बिडी, तंबाखू. ब्रँडचं नाव नाही, पाकिटाचं चित्र नाही, घोषवाक्य नाही. आतून किंवा बाहेरून दिवा नाही. म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचा माणूस देतोय त्यातली एकही गोष्ट बसत नाही. ब्रँडच्या रंगाची छत्री, कॅलेंडर, काउंटरच्या काचेवरचं स्टिकर, हेही जाहिरातीतच धरलं जातं. कलम 22: पहिल्या वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुढच्या वेळी 5 वर्षांपर्यंत आणि 5,000. बोर्ड फुकट मिळतो, पण खटला गाळ्यात बसणाऱ्याच्या नावावर होतो.

जो बोर्ड लावायलाच हवा तो मात्र फार थोड्या टपऱ्यांवर दिसतो. किमान 60 बाय 30 सेंटिमीटर, दर्शनी जागी, मराठीत: ‘अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय गुन्हा आहे.’ 2011 च्या दुरुस्तीपासून त्यावर तंबाखूचे दुष्परिणाम दाखवणारं चित्रही हवं. फ्लेक्सवाल्याकडून करून घ्या, पण मापापेक्षा एक-दोन सेंटिमीटर मोठाच करा, कारण चौकटीत कडा दबतात.

माल मांडतानाही काळजी घ्या. लहान मुलाचा हात पोहोचेल अशा ठिकाणी पाकिटं मांडायची नाहीत. दुकानात 18 वर्षांखालचा कुणी तंबाखू हाताळता किंवा विकता कामा नये, मग तो घरचा मुलगा का असेना. ‘मी जेवून येतो, तू बस जरा’ म्हणून शाळकरी पोराला गल्ल्यावर बसवलं तरी नियम मोडला.

दोरीला लटकवलेला लायटर किंवा पेटती सुतळी काढून टाका. 2 ऑक्टोबर 2008 पासूनच्या नियमांप्रमाणे धूम्रपानबंदी असलेल्या सार्वजनिक जागी राखदाणी, काडेपेटी, लायटर पुरवायचा नाही. छपराखाली बाक टाकून चहा-सिगारेट असा जोडधंदा असेल तर तो बाक या नियमात येतो.

---

कलम_चार

व्हेपचं उत्तर एका ओळीत: परवाना मिळत नाही, कारण भारतात तो देण्याचा अधिकारच कुणाला नाही.

18 सप्टेंबर 2019 ला आधी अध्यादेश आला आणि त्याच वर्षी कायदा झाला. त्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात हे सगळं बंद केलं. लोक पळवाटा शोधतात, म्हणून व्याख्या बघू. पदार्थ तापवून ओढण्यासाठी वाफ तयार करणारं विजेवरचं कुठलंही उपकरण, निकोटिन असो वा नसो, फ्लेवर असो वा नसो. तंबाखू न जाळता तापवणारी साधनं आणि ई-हुक्काही त्यात आहेत, नाव आणि आकार कुठलाही असो. म्हणजे ‘झिरो निकोटिन’, ‘हर्बल’, ‘पेनसारखा दिसतो’ यातलं काहीच चालत नाही. पूर्ण उपकरण असो किंवा त्याचा भाग, दोन्हींना बंदी आहे. त्यामुळे नुसते पॉड किंवा कॉइल ठेवले तरी तेच.

शिक्षा: पहिल्या गुन्ह्याला 1 वर्षापर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा 3 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. नुसत्या साठ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही. विक्रीचा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात.

गाळामालकांसाठी: आपल्या जागेत साठा ठेवू देणारा मालक किंवा ताबेदार, त्याला ते माहीत असेल तर, तोही गुन्हेगार ठरतो. भाडेकरारात ‘प्रतिबंधित वस्तू ठेवणार नाही’ हे कलम घालून घ्या. ‘चार पीस ठेव, विकले गेले की पैसे दे’ म्हणणारा माणूस धोका तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवून निघून जातो.

हुक्का कुणी विचारण्याआधी: महाराष्ट्राने 2018 मध्ये कोटपाला दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली आहेत. किमान 1 ते कमाल 3 वर्षं कैद आणि 50,000 ते 1 लाख दंड. ‘हर्बल’ म्हणणाऱ्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलं की उपाहारगृहाच्या परवान्यात हुक्का आपोआप येत नाही.

---

हिशेबनीस_४०_नव्हे_२०

एक गोष्ट कुणी लिहिली नाही आणि ती किराणावाल्यांना सगळ्यात महाग पडते.

मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा 40 लाख, हे सगळ्यांना पाठ आहे. पण ती सवलत देणाऱ्या 2019 च्या अधिसूचनेतून (10/2019) आइस्क्रीम, पानमसाला आणि तंबाखूचा पुरवठा करणारे वगळले आहेत. त्यांच्यासाठी मर्यादा 20 लाखच आहे. इथे वगळला जातो तो माणूस, नुसता माल नाही. त्यामुळे दुकानात किराणा 18 लाखांचा आणि सिगारेट 3 लाखांची असेल तर एकूण 21 लाख झाले आणि नोंदणी लागली. सिगारेट नसती तर 40 पर्यंत मोकळे होता. एकाच पॅनवर दुसरं दुकान असेल तर त्याचीही उलाढाल मिळवायची.

20 लाख ऐकायला मोठे वाटतात. रोजचा गल्ला 5,500 धरला तर वर्षाचे 20,07,500 होतात. सिगारेटची पाकिटं ठेवणारी टपरी इतकं सहज करते, आणि त्यात सुटतं फारच थोडं. मर्यादा ओलांडल्यापासून 30 दिवसांत नोंदणी करायची.

कंपोझिशन योजना (लहान धंद्याने एकूण विक्रीवर ठरावीक टक्का कर भरायची सोय) तंबाखूच्या उत्पादकाला मिळत नाही, व्यापाऱ्याला मिळते. उलाढालीच्या 1 टक्का कर. पण इथे थांबून गणित करा. कर विक्रीवर लागतो, नफ्यावर नाही, आणि खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही. ज्या मालात मार्जिनच दोन-चार टक्के आहे तिथे 1 टक्का म्हणजे नफ्याचा मोठा तुकडा गेला. जास्त मार्जिनचा किराणा आणि पान असेल तर कंपोझिशन बरी, सिगारेटच जास्त असेल तर साधी नोंदणी. दोन्हींची आकडेमोड कागदावर मांडून मगच ठरवा.

कर वाढला की घाऊकवाला जुन्या छापील किमतीचा माल नव्या दराने देतो. तुम्ही पाकिटावरच्या किमतीपेक्षा जास्त घेतलेत तर वैध मापन खात्याची केस तुमच्यावर होते, घाऊकवाल्यावर नाही. अशा वेळी जुनी पाकिटं परत करा किंवा छापील किमतीलाच विका.

---

गाळा_नंबर_४

सगळ्यांचे आभार. हा गाळा सोडतोय. बाजारपेठेत दुसरा आहे, भाडं जास्त आहे, पण सगळ्यात जवळची शाळा नकाशावर 190 मीटर येते. एक शेवटचं: तपासणी आलीच तर भाच्याने काय करायचं? कुणाला माल उचलायचा अधिकार असतो?

---

परवाना_खिडकी

190 उत्तम. आजूबाजूला कॉलेज किंवा आयटीआय नाही एवढं पुन्हा बघून घ्या.

कोटपाखाली झडती आणि जप्ती करणारा पोलीस अधिकारी उपनिरीक्षक, म्हणजे फौजदार, किंवा त्याच्या वरचा हवा. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारीही येतात. भाच्याने आधी ओळखपत्र बघायला मागावं, शांतपणे. नंतर जप्त मालाचा पंचनामा आपल्यासमोर होऊ द्यावा आणि त्यात पाकिटांची संख्या, प्रकार, छापील किंमत लिहिली आहे का ते वाचूनच सही करावी. ‘सिगारेट पाकिटे, अंदाजे’ असं लिहिलं असेल तर मोजून आकडा घालायला सांगावा, कारण माल परत मागायची वेळ आली तर त्याच आकड्यावर भागतं. प्रत मागून घ्यावी. कोटपाखाली जप्त केलेली पाकिटं 90 दिवसांपेक्षा जास्त ठेवायची असतील तर जिल्हा न्यायाधीशांची मान्यता लागते. माल जप्तीतून सरकारजमा होणार असेल तर मालाच्या किमतीइतकी रक्कम भरून तो सोडवायचा पर्यायही कलम 15 मध्ये आहे.

200 रुपयांचा दंड जागेवर भरला तर पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पावतीवर कलम 4 (सार्वजनिक जागी धूम्रपान) की 6 ते लिहिलेलं हवं.

आणि काउंटरखाली एक फाइल ठेवा: फॉर्म जी ची पावती, नगरपरिषदेचा परवाना किंवा दिलेल्या अर्जाची शिक्क्याची प्रत, अन्न नोंदणी, भाडेकरार, गेल्या सहा महिन्यांची खरेदी बिलं, आणि नकाशावरच्या त्या 190 मीटरच्या रेघेची छापील प्रत, तारखेसह.

---

साखळी_आणि_फीत

त्या प्रतीवर कुठल्या बिंदूपासून मोजलं तेही हाताने लिहा: ‘शाळेच्या ईशान्य कुंपणाचा कोपरा ते गाळ्याचा नैर्ऋत्य कोपरा’. शाळेने पुढे आवार वाढवलं तर कुठल्या बाजूने अंतर कमी झालं ते लगेच कळतं. दर जूनला, शाळा उघडायच्या आत, एकदा पुन्हा मोजा.